पादरी बंगल्याची मोजणी

बाहत्तर वर्षांच्या बाईवर जळणं शोभत नाही, हे मले कळते. पस्तीस वर्षं म्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली, मले कोणी अक्कल शिकवू नये. पण कळते म्हणून जळणं थांबत असतं तर सगळ्या शहाण्या बाया थंडगार राह्यल्या असत्या. मी जळली. चांगली दोन महिने जळली, अन् त्या भरात जे करून बसली ते आज सांगून टाकते. पुण्याची सून श्रद्धा म्हणते, "आई, तुमचं मले-तुले ऐकून गंमत वाटते." वाटू दे. ह्या गोष्टीत गंमत कमीच आहे.

आमचे हे, म्हणजे भालचंद्रराव, भूमी अभिलेखात भूकरमापक होते. अख्खा जळगाव जामोद तालुका त्याइले मोजणीसाहेब म्हणते. अडतीस वर्षं दुसऱ्याची वावरं मोजली, भावाभावाच्या भांडणात मधात उभं राहून बांधाच्या खुणा गाडल्या. त्याइची एकही मोजणी अपिलात पलटली नाही. अख्ख्या नोकरीत त्याइनं कमावलेला तेवढाच एक दागिना. रिटायर झाले त्या दिवशी सत्काराले उठले, "माझी एकही मोजणी पलटली नाही," एवढं बोलले अन् खाली बसले. मी पहिल्या रांगेत नवी पैठणी नेसून बसली होती. वाटलं होतं, एखादं वाक्य माह्याबद्दलही बोलतील.

अशा मितभाषी माणसाले मागच्या जानेवारीत इंग्लंडातून पत्र आलं. कागदाचं नाही, ईमेल.

त्याचं असं झालं. सातपुड्याच्या अंगाले, गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर एक पादरी बंगला आहे, अन् त्याच्या बाजूले लहानसं दगडी चर्च. सव्वाशे वर्षांखाली एक गोरा पादरी आला, त्यानं हे दोन्ही बांधलं. चर्चमध्ये अजून महिन्यातून एक वेळ अकोल्याहून पास्टर येतात, चार-पाच घरं जमतात. बंगल्यात कोणीच राहत नाही. भाऊराव म्हणून एक म्हातारा किल्ली सांभाळते, झाडलोट करते. त्या बंगल्याची लहानपणापासून आम्ही टर उडवत आलो, कारण त्याले धुराडं आहे! आमच्याकडं मे महिन्यात पंखा गरम हवा फेकते, अन् ह्या बावानं भिंतीत शेकोटी बांधली. आमच्या पोरानं, श्रेयसनं, त्या बंगल्याचे फोटो इंटरनेटवर टाकले होते, गंमत म्हणून. खाली ह्याइचा पत्ता दिला होता. ते फोटो हेस्टरबाईनं पाह्यले.

ही बाहत्तर वर्षांची हेस्टरबाई त्या पादऱ्याची पणती. इंग्लंडातल्या एका खेड्यात राहते, आमच्याकडच्या वरवट बकाल गावापेक्षाही लहान. तिथं चर्चच्या बाजूले पादऱ्यानं राहाचं घर असते, त्याले ते लोक रेक्टरी म्हणतात. तिच्या गावच्या रेक्टरीचा पश्चिमेकडचा अर्धा भाग सत्तर वर्षांखाली जळाला. आता गावाले तो परत बांधाचा आहे, पण तिथला कायदा असा का, जुनं जसं होतं तस्संच बांधा, नाहीतर बांधूच नका. अन् जुन्याचा नकाशा कोणाजवळच नाही. पादऱ्याच्या एका पत्रात मात्र तिले वाचाले भेटलं, का "मी इथे आपली रेक्टरी जशीच्या तशी उभी केली आहे, खोली तेवढी खोली, शेकोटी तेवढी शेकोटी."

म्हणजे तिथं जळालेलं घर आमच्या इथं उभं होतं. आम्ही ज्या धुराड्याले हसत आलो ते त्या बिचाऱ्याच्या गावची आठवण होती. हे ऐकून मलेही जरासं गलबलून आलं. खोटं कायले बोलू.

मंग बाईनं विचारलं, कोणी मोजून देईल काय? मार्चअखेर कमिटी बसणार होती. तोपर्यंत नकाशा पोचला तर बांधकाम होणार, नाहीतर ती जागा मोकळीच राहणार. नकाशाच्या खाली मोजणाऱ्याचं नाव येणार होतं, अन् रेक्टरी उभी झाली का दाराजवळच्या दगडी पाटीवरही. ते वाचून हे दहा मिनिटं गच्चीवर जाऊन उभे राह्यले. खाली आले ते दाढी करूनच.

तिथून माह्या पोटात दुखाले लागलं.

रोज चारले फोन. चित्रासकट. तिथं सकाळचे साडेदहा वाजलेले असत, बाई न्हाऊन-धुऊन, पांढरे केस विंचरून, मागं फुलांचा गुच्छ ठेवून बसे. इकडं हे साडेतीनपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मले घरात चाळीस वर्षं बनियनवर दिसलेला माणूस! तोडकं-मोडकं इंग्रजी बोलत, पण काय ते हसणं, काय ते हातवारे. मी चहा घेऊन गेली का फोनमध्ये पाहतच "थँक यू" म्हणत. मले! अवं माय, थँक यू! चहाचा कप म्या असा आदळला का बशी तडकली, तरी मान वर नाही.

"अहो, त्या बाईले नातवंडं आहेत," म्या एकदा म्हटलं.

"तीन आहेत," हे म्हणाले. "मोठीचं लग्न आहे जूनमध्ये."

आमच्या नातवाची इयत्ता विचारली तर बोटं मोजतात, अन् तिच्या नातीच्या लग्नाचा महिना पाठ.

तरीही एवढ्यावर भागलं असतं. नाक मुरडत दोन महिने काढले असते. पण एका दिवशी मी सैपाकघरात मेथी निवडत होती अन् हे तिले सांगत होते. माहं इंग्रजी काही एवढं कच्चं नाही. हे म्हणाले, "लहानपणी मला घरं बांधायची होती. आर्किटेक्ट व्हायचं होतं. वडील म्हणाले, नोकरी धर. म्हणून मी घरं बांधायच्या ऐवजी जमिनी मोजत बसलो."

मेथीची जुडी हातातच राह्यली. चाळीस वर्षं संसार झाला. दोन बाळंतपणं झाली, सासऱ्याचं शेवटचं आजारपण झालं, ह्याच घराचा स्लॅब पडला. त्या स्लॅबच्या वेळी म्या विचारलं होतं, खिडकी कुठं ठेवाची? हे म्हणाले होते, मिस्त्रीले विचार. अन् हे मनातलं घर, जे मले कधी दाखवलं नाही, ते त्या गोरीले दोन आठवड्यांत दाखवलं. रडूही आलं अन् रागही आला. मेथी तशीच कढईत टाकली, देठासकट.

फेब्रुवारीच्या शेवटी मोजणीचा दिवस ठरला. आता मोजाले दोन माणसं लागतात. एक टेप धरणारा, एक वाचणारा. ह्याइचा जुना जोडीदार भगवानराव जन्मभर टेप धरत आला, पण त्याचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. हे म्हणाले, भाऊरावले धराले लावतो.

"मी येते," म्या म्हटलं.

ह्याइनं माह्याकडं असं पाह्यलं जसं मी म्हटलं का विहिरीत उडी टाकते. मंग हसले. खरं सांगते, तेव्हा ते छान हसले. "येशील? उन्हाचं?"

"काऊन, मी काय मेणाची आहे?"

ह्याइचा टेप तुम्हाले समजून घ्यावा लागते, नाहीतर पुढचं समजणार नाही. शंभर फुटी, कापडी, पितळी डबीतला. त्याचा पहिला एक फूट नाही. तीसेक वर्षांखाली बिबी गावाकडं मोजणी चालू असताना एका गोऱ्ह्यानं चावून तोडला. दुसरा असता तर नवा टेप घेतला असता. हे म्हणाले, कायले? एकच्या आकड्यावर धराचं, अन् जो आकडा येईल त्यातून एक वजा कराचा. भगवानराव एकवर अंगठा दाबून ओरडे, "एक!" हे पलीकडून वाचत, मनात एक वजा करत अन् वहीत लिहत. सगळा तालुका त्या फाटक्या टेपनं मोजला. एकदाही चुकले नाही.

मले ह्याइनं अंगणात तालीम दिली. अंगठा कसा दाबाचा, टेप कसा ताणाचा, अन् आवाज कसा द्याचा. "एक!" मी ओरडली. "शाबास," हे म्हणाले. शाळेतल्या पोरीसारखा मले आनंद झाला.

सकाळी आम्ही बंगल्याचा बाहेरचा घेर मोजला. भाऊराव निंबाखाली बसून तंबाखू मळत पाहत होता. मी एकवर अंगठा दाबे, ओरडे, हे लिहत. मधात दोघांनी मिळून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली, चर्चच्या पायऱ्यांवर बसून. हे मले दाखवत होते, हा दगड पाहा कसा घडवला, ही कमान पाहा, हिच्या मधातला हा एक दगड काढला तर अख्खी कमान खाली येते. म्या विचारलं, "तुम्हाले घरं बांधाची होती काय?" चटकन विचारलं, जसं काही मले माहीतच नाही. हे म्हणाले, "नाही बा. असंच." अन् पोळीचा तुकडा मोडला.



दुपारनंतर आतल्या खोल्या. चारले फोन आला. ह्याइनं फोन खिडकीत टेकवून ठेवला, म्हणजे बाईले सगळं दिसावं. पादऱ्याची लिहाची खोली, तिच्यात ती शेकोटी, अन् समोर भिंतीतून बाहेर आलेली मोठी खिडकी, जिच्यात बसाले दगडी बाक आहे. मी त्या बाकाजवळ टेप धरून वाकली होती. घामानं भिजली होती. फोनमधून बाई काहीतरी म्हणाली.

"शरयू, जरा बाजूले हो," हे म्हणाले. "तिले खिडकी दिसत नाही."

मी बाजूले झाली. भिंतीले चिकटून, पोट आत घेऊन. बाई "ओ, लव्हली, लव्हली" करत राह्यली, हे खिडकीच्या लाकडावरून हात फिरवत राह्यले. पाच मिनिटं मी त्या भिंतीची पाल होऊन उभी होती. मंग फोन बंद झाला अन् हे म्हणाले, "हं, धर."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्या खाली पाह्यलं. एकच्या पुढं लाल अक्षरात दोनचा आकडा होता. अंगठा त्याच्यावर नेऊन दाबला.

"एक!" मी ओरडली.

लिहाची खोली, जेवाची खोली अन् मधातला बोळ. तिन्ही जागी दोनवर धरला, तिन्ही वेळा एक ओरडली. जाऊ दे तिची रेक्टरी फूटभर वाकडी. बसू दे त्या खिडकीत तिले तंगड्या पसरून. खरं सांगते, त्या वेळी असं थंड वाटलं का जसं माठातलं पाणी प्याली.

घरी येऊन हे रात्रीचं जेवण सोडून वही घेऊन बसले. आतल्या खोल्या अन् भिंतींची जाडी यांची बेरीज बाहेरच्या लांबीएवढी याले पाहिजे, हा त्याइचा नियम. त्याले ते मेळ बसणं म्हणतात. मेळ बसेना. घर बाहेरून जेवढं होतं त्याच्यापेक्षा आतून तीन फूट लांब निघालं.

"असं घर असूच शकत नाही," हे म्हणाले. खोडरबरानं पुसलं, परत बेरीज केली. परत तीन फूट.

मी भाकऱ्या थापत होती. बोलाले पाहिजे होतं. पुढची भाकरी थापाले घेतली.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. हे म्हणाले, तिन्ही खोल्या नव्यानं मोजू. आता मी घाबरली. म्हटलं पकडली जाते का काय. म्हणून ह्या वेळी गुपचूप एकवरच धरला. तिन्ही जागी आकडा बरोबर एक फूट कमी आला.

मी शहाणी समजत होती स्वतःले. आकडे सरळ झाले, पाप धुतल्या गेलं. पण मंग ह्याइच्याकडं पाह्यलं. पेन्सिल वहीवर टेकली होती अन् हलत नव्हती.

"तीन वेळा," हे हळू म्हणाले. "एकदा नाही, तीन वेळा. काल माह्याकडून एक वजा कराचा राहून गेला."

आता हे सांगावं लागते, माहे सासरे उत्तमराव मास्तर होते. तालुक्यात त्याइच्या पाढ्यांचा दरारा होता. एका दिवशी वर्गात "तेरा सत्ते" म्हणून थांबले, अन् पुढचं आलंच नाही. सुरुवात ती. पुढं पाच वर्षांत घर विसरले, मले विसरले, शेवटी ताटात भात कायले वाढतात तेही विसरले. कुठंही निघून जात. म्हणून त्याइच्या सदऱ्याच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवत होतो. ती चिठ्ठी हेच लिहत, चांगल्या अक्षरात.

ह्याइनं वही मिटली. "चाल घरी," म्हणाले. येताना स्कूटर चालवली नाही. भाऊरावच्या खोपीजवळ उभी करून आम्ही आटोनं आलो.

त्याच संध्याकाळी त्या बाईले लिहून टाकलं, तब्येत बरी नाही, दुसरा कोणी पाहा. दुसरा कोण येणार होता तिले? टेप अन् वही माळ्यावर गेली. चार वाजता घर शांत.

पाप आहे, पण सांगते. पहिले दोन दिवस मले गोड वाटलं. चारले आम्ही दोघंच चहा प्यालो. म्हटलं, गेली बया. जिंकली मी.

तिसऱ्या दिवशी पाह्यलं, हे गॅसचा खटका तीन वेळा पाहून राह्यले. दाराची कडी लावत, पलंगावर येऊन बसत, परत उठून पाहत. पेपर वाचता वाचता मले विचारत, "हे म्या आताच वाचलं काय?" गच्चीवर फिरताना ओठ हलत. कान देऊन ऐकलं तर पाढे चालू होते. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. सातवर आले का आवाज बारीक होई, अन् एक्याण्णव म्हटलं का श्वास सुटे. मंग परत पहिल्यापासून.

म्हटलं, उद्या सांगते. उद्या आला का जीभ टाळूले चिकटे. काय सांगणार? का तुमच्या बायकोनं? ज्या माणसाची एक मोजणी पलटली नाही, त्याची मोजणी त्याच्याच बायकोनं नासवली? आपलेच दात अन् आपलेच ओठ. असे अकरा दिवस गेले. अकरा.

बाराव्या दिवशी सकाळी कपडे धुवाले काढले. ह्याइच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात कागद लागला. घडी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, घामानं भिजू नये म्हणून. त्याच चांगल्या अक्षरात लिहलं होतं: "हे गृहस्थ वाट चुकल्यास कृपया सौ. शरयू यांना कळवावे. त्यांच्याशिवाय यांचे कोणी जवळचे नाही." खाली माहा नंबर.

माह्याबद्दल ह्याइनं लिहलेलं ते पहिलं वाक्य.

मी तशीच ओल्या हातानं ओसरीवर गेली. हे खुर्चीवर बसून होते.

"तुम्ही काही विसरले नाही," म्या म्हटलं. "टेप म्या दोनवर धरला होता."

हे माह्याकडं वळले. "तू तर एक ओरडली होती."

"तोंडानं एक म्हटलं. हातानं दोन धरला. तिन्ही खोल्यांत."

"चुकून?"

सोपं होतं हो म्हणणं. त्याइनंच दार उघडून दिलं होतं. पण हातात ती चिठ्ठी होती. "नाही," म्या म्हटलं. "मुद्दाम. तुम्ही मले बाजूले हो म्हटलं. तिले खिडकी दिसत नव्हती म्हणून. घरं बांधाची होती हे तिले सांगतलं, अन् म्या विचारलं तर नाही बा म्हटलं. मी जळत होती. अन् दुसऱ्या दिवशी पकडली जाईन म्हणून बरोबर धरला."

हे उठले. माळ्यावरून वही काढली. पेन्सिल घेतली, तीन आकड्यांतून एक-एक वजा केला, बेरीज मांडली.  मंग पेन्सिल ठेवली.

"मेळ बसला," म्हणाले. "इंचाले इंच."

अन् रडले. सासरे गेले तेव्हाही एवढे रडले नव्हते. मी जवळ गेली तर हात वर केला, थांब म्हणून.

"अकरा दिवस," हे म्हणाले. "अकरा दिवस म्या रोज माह्या बापाले माह्यात येताना पाह्यलं, शरयू. अन् तू समोर भाकरी थापत राह्यली."

 

चारले ह्याइनं स्वतःच फोन लावला. मी दाराआड उभी, पदर तोंडात धरून. म्हटलं, आता सांगतील. त्या बाईसमोर माही अब्रू निघेल, अन् निघालीच पाहिजे. बाईनं घाईघाईनं विचारलं, तब्येत कशी, काय झालं. हे म्हणाले, "तब्येत ठीक आहे. टेप जुना आहे, त्याने दगा दिला. चार दिवसांत नकाशा पाठवतो."

अडतीस वर्षांत ज्या टेपचा एक शब्द खाली पडू दिला नाही, त्याच्यावर त्याइनं माहं पाप घातलं. तिनं "पुअर ओल्ड टेप" म्हटलं अन् हसली. हे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून म्या डबा केला. मेथीची भाजी, एकेक पान निवडून. दोघांचा डबा, दोन पाण्याच्या बाटल्या, माही टोपी. हे म्हणाले होते, मोजणी घरी बसून दुरुस्त होत नसते, जागेवर जाऊन नव्यानं घ्यावी लागते. मी चपला घालून अंगणात उभी राह्यली.

हे बाहेर आले. एका हातात टेपची डबी. दुसऱ्या हातात हातोडी अन् चार इंची खिळा.

"खिळा कायले?" म्या विचारलं.

"एकवर ठोकतो," म्हणाले. "हलत नाही तो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडली असती. दोन डब्यांतला एकच उचलला, एकच बाटली घेतली, अन् आटोच्या स्टँडकडं निघाले. वळणावर थांबतील म्हणून मी पाहत राह्यली. थांबले नाहीत.

नकाशा वेळेवर गेला. कमिटीनं मान्य केला. जूनमध्ये पाया खोदाले सुरुवात होणार आहे, दाराजवळच्या पाटीवर ह्याइचं नाव येणार आहे. चारचा फोन अजून येते, आठवड्यातून एखाद्या वेळी. मी आत जाऊन बाईले नमस्कार करते. चांगली आहे बाई. तिच्यावर आता काही जळावंसं वाटत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी हे मोजून आले, अन् दुसऱ्या सकाळी म्या शर्ट धुवाले घेतला. सवयीनं खिसा चाचपला. चिठ्ठी नव्हती. चिठ्ठीच्या जागी तो खिळा होता, मातीनं भरलेला, पण सरळ.

म्या तो धुतला, पुसला अन् ह्याइच्या टेबलावर ठेवून दिला. पुढच्या महिन्यात हे चर्च मोजणार आहेत. त्याइनं तो खिळा पितळी डबीत टेपच्या बाजूले नीट ठेवला आहे, अन् टेप धराले येशील काय, हे मले अजून विचारलं नाही. पासष्टीले आली मी, अन् रोज टेबल पुसताना ती डबी उघडून त्या खिळ्यावर जळते.